उजव्या बाजूची चीर

सर्वांना जयभीम.

मी, आकाश धोंडिराम खरात, वय सव्वीस पूर्ण, काम शटरिंगचा सुतार, कायमचा पत्ता असल्फा, घाटकोपर पश्चिम, मुंबई, सध्याचा मुक्काम बोगद्याचा कॅम्प, जिल्हा किन्नौर, हिमाचल प्रदेश, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मनाने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. ताप नाही, दारू घेतलेली नाही, मागे उभं राहून कोणी सांगत नाही. माझा मुंबईपासूनचा दोस्त हर्षद मागे उभा आहे, पण तो चहा घेऊन आलाय.

लिहायचं कारण असं. गेल्या महिन्यात बोगद्यात वरून दगड आला आणि दुसऱ्या गँगमधली दोन माणसं गेली. त्यानंतर ऑफिसातून सगळ्यांना एक फॉर्म मिळाला, की तुमचं काही बरंवाईट झालं तर पैसे कोणाला द्यायचे. फॉर्मवर एकच ओळ होती. मी आईचं नाव लिहिलं आणि देऊन टाकला. खोलीवर आलो तेव्हा वाटलं, माझ्याकडे त्या ओळीत न मावणारं बरंच आहे. ऑफिसातल्या क्लार्कला विचारलं. तो म्हणाला, साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार पाहिजेत, आणि साक्षीदारांना काही देत बसू नकोस, पुढे भांडणं होतात. हे मी हर्षदला सांगितलं.

“म्हणजे मी सही करायची आणि मला काहीच नाही?”

“माझी रजई आत्ताच घे. ती मृत्युपत्राच्या बाहेर.”

“रजईला तुझा वास येतो.”

“मग फुकट सही कर.”

नववीत शाळा सोडल्यापासून मी एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही. जिथे खोडलंय तिथे बाजूला सही केली आहे. ती खाडाखोड माझीच समजावी.

कलम १. घर.

असल्फ्याच्या डोंगरावरची खोली वडिलांच्या नावावर होती. वडील वारले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्या खोलीत कायद्याने माझा जो काही हिस्सा निघेल तो आई शकुंतला धोंडिराम खरात, जिला अख्खी चाळ शकु म्हणते, हिला मिळावा, आणि तिच्यानंतर माझी बहीण चेतना हिला. चेतनाचं लग्न झालं तरी तिचाच. परभणीहून काका येतील, पाणी मागतील आणि म्हणतील, पोरीला कशाला पाहिजे घर. त्यांना पाणी द्यावं. बिल्डिंग झाली, जी माझ्या लहानपणापासून होणारच आहे, तर करारावर दोघींची नावं घालावीत आणि वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नये. चेतनाला वाचता येतं, तिने मोठ्याने वाचावं.

पाणी वर चढवायचा पंप मी बसवलेला आहे. शेजारच्या चंपामावशींना त्यातून पाणी द्यावं, पण स्विच आपल्याच घरात ठेवावा. मावशी चांगल्या आहेत, त्यांचा मुलगा पंप चालू ठेवून झोपतो.

कलम २. बँकेतलं, पीएफमधलं आणि गाडी.

खात्यात जे असेल ते आणि पीएफ आईला. मोटरसायकल चेतनाला. तिने लायसन्स काढावं, घाबरू नये. हर्षदचा भाऊ गाडी विकत मागेल, त्याला देऊ नये. त्याने माझं हेल्मेट नेऊन दोन वर्षं झाली. (हे हर्षदने वाचलं आहे आणि त्याचं म्हणणं आहे की ते हेल्मेट चोरीला गेलं. मी त्याच्या भावाच्या डोक्यावर पाहिलं आहे.)

कलम ३. माझ्यानंतर काय करायचं आणि काय नाही.

भंतेजींना बोलवून वंदना घ्यावी. जेवणावळी नकोत. चौकात फोटोचा फ्लेक्स लावू नये. पोरं ऐकणार नाहीत आणि लावतीलच, तर काळ्या चष्म्यातला फोटो तेवढा घेऊ नये. तो चष्मा माझा नव्हता.

कलम ४. श्री. चंद्रप्रकाश मेस्त्री यांच्याबद्दल.

ज्याच्यासाठी मी लिहायला बसलो ते हे कलम. आधीची तीन कलमं चेतनाने न सांगता केली असती.

दहिसरला नदीच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली मेस्त्रींचं गिटारी बनवायचं वर्कशॉप आहे. मेस्त्री मूळ कुडाळकडचे, गिरणीत सुतार होते. गिरणी गेल्यावर वसईतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे हे काम शिकले. मी तेव्हा कुरिअर करायचो. त्याआधी एसी रिपेअर केला होता, त्याआधी मंडपवाल्याकडे होतो, त्याआधी जिम झाडायचो. सहा महिन्यांवर एका जागी टिकलो नव्हतो. गिटारीच्या तारांचं पार्सल घेऊन मी तिथे गेलो तेव्हा मेस्त्री एका गरम नळ्यावर लाकडाची पट्टी दाबून उभे होते.

“काका, सही करा,” मी म्हटलं.

“माझो हात मोकळो दिसता तुका?”

मी थांबलो. पट्टी सरळ होती, बघता बघता तिला पोट आलं, मग कंबर आली. त्या दिवशी माझी सात पार्सलं उशिरा पोचली आणि महिन्याभरात मी मेस्त्रींकडे कामाला लागलो. तिथे मी चार वर्षं राहिलो. आई सगळ्यांना सांगायची, पोरगा बसला एकदाचा.

गिटारीची बाजू म्हणजे शिसवीची पट्टी, दोन मिलिमीटर जाड, पावणेतीन फूट लांब. उजवी आणि डावी, दोन्ही एकाच फळीतून उभ्या चिरलेल्या. म्हणून एक गेली की जोडी गेली, तशी दुसरी मिळत नाही. पट्टी भिजवायची. नळ्यात आतून गॅसची ज्योत सोडायची. नळ्यावर पाण्याचा थेंब टाकायचा, चिकटून सुकला तर थांबायचं, नाचत पळाला तर सुरू करायचं. मग तळहाताने दाबत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही. आणि मग हाताखाली लाकूड सैल पडतं, कणीक मुरते तसं. तेवढ्यात वाकवायचं. अगोदर जोर केला तर मोडतं, उशीर केला तर आतून करपतं. कंबरेचं वळण सगळ्यात उलटं आणि सगळ्यात घट्ट. वाकवून झालं की दोन्ही बाजू साच्यात आवळायच्या आणि तीन दिवस हात लावायचा नाही. मेस्त्रींकडे याला थर्मामीटर नव्हता, घड्याळ नव्हतं, हातमोजे नव्हते.

मला त्यांनी रंधा शिकवला, पटाशी शिकवली, पॉलिश शिकवलं. वाकवायचं काम दिलं नाही. मी टाकाऊ पट्ट्यांवर हात मारायचो, ते लांबून बघायचे आणि म्हणायचे, “तुका घाई आसा, लाकडाक नाय.”

२०२१ सालचे गणपती. अंधेरीत गाणं शिकवणाऱ्या अनय नावाच्या मुलाची ऑर्डर होती. त्याने दोन वर्षं वाट बघितली होती. मेस्त्रींनी जाण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या दोन्ही बाजू वाकवल्या, साच्यात आवळल्या आणि मुलगी अक्षता हिला घेऊन कुडाळला गेले. कोकणातला माणूस गणपतीला मुंबईत थांबत नाही. आमच्या घरात गणपती नाही, म्हणून चावी माझ्याकडे. मला म्हणाले, “साचो उघडू नको. मी इल्यावर उघडतंय.”

दुसऱ्या दिवशी मी उघडला.

मला व्हिडिओ काढायचा होता. मी तेव्हा इन्स्टाग्रामवर कामाचे व्हिडिओ टाकायचो, रंध्याची सालं उडताना वगैरे. लोक खाली विचारायचे, भावा, बाजू वाकवतोस ते दाखव ना. मी कोणालाही सांगितलं नव्हतं की मी वाकवत नाही. म्हणून मेस्त्रींनी वाकवलेली उजवी बाजू साच्यातून काढली, चकाकावी म्हणून पुढून तेवढं पाणी मारलं, नळा पेटवला, मोबाइल सरसाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आधीच वाकलेलं लाकूड वाकवायचं नाटक करायला लागलो. कॅमेऱ्यात काही होताना दिसत नव्हतं. म्हणून कंबरेत थोडा जोर दिला.

आवाज मोठा नव्हता. नख मोडावं एवढाच.

चीर आतल्या अंगाला गेली होती, बाहेरून केसासारखी रेष. मी झटपट चिकटणारा गोंद भरला, त्यात शिसवीचा भुसा चोळला, घासला, साच्यात परत आवळला. मेस्त्रींच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. अक्षता बोरिवलीला डोळ्यांच्या दवाखान्यातच कामाला, तिने ऑपरेशनची तारीख तीनदा घेतली आणि मेस्त्रींनी तिन्ही घालवल्या. आतून घासायचं आणि पट्ट्या चिकटवायचं काम माझंच होतं. चिरेवर मी एक पट्टी चिकटवली. मेस्त्रींनी वरून बोट फिरवलं आणि म्हणाले, बरी बसवलंस. व्हिडिओचा शेवटचा भाग कापून मी तो टाकलाही होता. खूप लोकांनी बघितला. अक्षताने गावाहून लाइक केलं.

पुढच्या मार्चमध्ये अनय गिटार घेऊन आला. एसी स्टुडिओत वाजवून वाजवून लाकूड सुकलं होतं आणि उजवी बाजू कंबरेत आडवी उघडली होती.

“काका, एसीमुळे असेल,” तो म्हणाला. चांगला मुलगा आहे, आवाज चढवला नाही.

मेस्त्रींनी गिटार मांडीवर घेतली. अंगठा चिरेवरून दोनदा फिरवला. मला वाटलं, आता कळणार. ते म्हणाले, “नळो जास्त तापलेलो. लाकूड करपलां आणि माका समाजला नाय.” मग अनयकडे न बघता म्हणाले, “माझो हात गेलो.”

मी चार पावलांवर उभा होतो. सरसाचा डबा ढवळत होतो.

त्यांनी अनयला पैसे परत केले आणि ती गिटार तारा काढून भिंतीला उलटी टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला नळ्यापुढे उभं केलं. “आजपासून तू वाकव. तुझो हात बरो आसा.” अक्षता तिथेच होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मला हवं होतं, हेही लिहून ठेवतो. पुढचे चार महिने मी बाजू वाकवल्या आणि मेस्त्री शेजारी स्टुलावर पाण्याचा डबा धरून बसायचे. मी हात पुढे केला की डबा द्यायचे. मला विचारायचे, “झाला काय रे?” मला. ज्यांना थेंब टाकायच्या आधी हवेवरून कळायचं, ते मला विचारायचे.

जुलैमध्ये मी सांगितलं की बाहेरगावी जास्त पगाराचं काम मिळतंय. मेस्त्री म्हणाले, जा, तरुण माणसाने जावं. तेव्हापासून त्यांनी नळा पेटवलेला नाही. शाळेच्या पोरांच्या गिटारींना तारा बदलून देतात, तुटलेल्या खुंट्या बसवतात. डोळ्यांचं ऑपरेशन नंतर झालं, नजर चांगली आहे. हात गेला हे मात्र त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. मी सणासुदीला फोन करायचो आणि तब्येत विचारायचो.

म्हणून मी या कलमाद्वारे लिहून देतो की श्री. अनय यांच्या गिटारीची उजवी बाजू तडकली त्यात श्री. चंद्रप्रकाश मेस्त्री यांच्या हाताचा काहीही दोष नाही. त्यांनी वाकवलेली बाजू बिनचूक होती. ती मी, आकाश धोंडिराम खरात, साच्यातून वेळेआधी काढून मोडली, लपवली, आणि मला विचारायची संधी कोणालाही दिली नाही. माझ्या मृत्यूनंतर हे कलम चेतनाने दहिसरला जाऊन मेस्त्रींना वाचून दाखवावं. सोबत कोणाला तरी न्यावं, एकटीने वाचू नये.

कलम ५. श्री. अनय यांना.

मागच्या सुट्टीत कुर्ल्याच्या लाकूड बाजारातून मी शिसवीच्या बाजूंची एक जोडी आणली आहे. आईच्या पलंगाखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आहे. ती अनय यांना द्यावी. त्यावर आईने पापड वाळत घालू नयेत. एकदा घातले होते.

कलम ६. हत्यारं.

रंधे दोन, पटाश्या पाच, करवत, पातं घासायचा दगड, आणि एसीच्या तांब्याच्या पाइपातून मी स्वतः बनवलेला छोटा नळा, हे सगळं पेटीसकट श्री. चंद्रप्रकाश मेस्त्री यांना.

इथपर्यंत लिहून मी सही करणार होतो. मृत्युपत्राची अंमलबजावणी चेतना करेल असं शेवटी लिहिलं आणि सुबोधला बोलावलं. सुबोध आमचा इलेक्ट्रिशियन, कुर्ल्याचा, दुसरा साक्षीदार. क्लार्कने सांगितलं होतं की साक्षीदाराने आतलं वाचायची गरज नाही. सुबोध बिलसुद्धा तीनदा वाचतो. त्याने खाटेवर बसून सगळं वाचलं. कलम चार दोनदा वाचलं.

“हे कधी वाचून दाखवायचं?” त्याने विचारलं.

“मी गेल्यावर.”

“तुझं वय?”

“लिहिलंय ना वर. सव्वीस.”

“मेस्त्रींचं?”

“बाहत्तर.”

“मग कोण कोणाचं वाचणार रे?”

मी म्हटलं, बोगद्यात काय सांगता येतं.

“म्हणजे तुझ्यावर दगड पडावा म्हणून त्या म्हाताऱ्याने बसून राहायचं,” सुबोध म्हणाला. “मी नाही सही करत यावर. हर्षदला माझ्या जागी दुसरा साक्षीदार बघायला सांग.” कागद खाटेवर ठेवला आणि मीटर बघायला गेला.

त्यामुळे पुढचं कलम वाढवावं लागलं.

कलम ७. यात घडलेलं लिहितो. हे कलम चारची पुरवणी समजावं.

कॅम्पवर रेंज नाही, ती खाली लोखंडी पुलावर मिळते. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी पुलावर गेलो आणि मेस्त्रींना फोन लावला.

“बोल. बर्फ पडलो?” ते म्हणाले.

“नाही अजून. मेस्त्री, अनयची गिटार. ती बाजू तुमच्यामुळे नाही तडकली. तुम्ही गणपतीला गेलात तेव्हा मी साचा उघडला होता. मी मोडली ती.”

पलीकडे कोणीतरी कानस चालवत होतं. थांबली.

“अक्षतान सांगितला तुका असा बोलाक?”

“नाही. कोणीच नाही.”

“मगे चार वर्सांनी आज कित्याक? म्हाताऱ्याक बरां वाटाक व्हया म्हणान?”

मी म्हटलं, खरं सांगतोय. काय काय केलं ते सांगायला लागलो, गोंद, भुसा, पट्टी. त्यांनी मध्येच तोडलं.

“आकाश, माझो हात माका ठावक आसा. तू तुझो बोगदो सांभाळ.” आणि फोन ठेवला.

चार वर्षं मी घाबरत होतो की सांगितलं तर ते चिडतील. ते विश्वासच ठेवणार नाहीत हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास असा गेला होता की मी चोरी कबूल केली तरी त्यांना ती माझी दया वाटली.

माझ्याकडे तो व्हिडिओ होता. पूर्ण, न कापलेला, एक्केचाळीस सेकंदांचा. दोन फोन बदलले तरी मी तो एकातून दुसऱ्यात नेत आलो होतो, का ते सांगता येणार नाही. पुलावर उभा राहूनच मी तो अक्षताला पाठवला आणि खाली लिहिलं, बाबांना दाखव.

दुसऱ्या दिवशी मी पुलावर गेलो तेव्हा तिचे चार मिस्ड कॉल होते. मी लावला.

“हे तू चार वर्षं ठेवून घेतलंस?”

“हो.”

“आणि सणाला फोन करून विचारायचास, मेस्त्री, बरे आहात ना.”

मग ती म्हणाली, बाबांनी तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसतं ऐकलं.

“काय म्हणाले?”

“विचारलं, लाकूड भिजवलेलं होतं काय. मी म्हटलं, नुसतं पुढून ओलं दिसतंय. मग म्हणाले, त्याचं नाव या जागेत परत काढायचं नाही.”

“बरोबर आहे.”

“बरोबर आहे म्हणतोस. ते चार महिने पाण्याचा डबा धरून बसायचे ते मी रोज बघत होते. त्या वेळी तुझ्याबद्दल घरात काय काय बोलायचे तुला माहीत आहे?”

“नको सांगूस.”

“नाही सांगत.” मग म्हणाली, “मी त्या व्हिडिओला लाइक केलं होतं रे.”

तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही. त्याच दिवशी अनय यांनाही सगळं लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, की मी काकांकडे जाऊन त्यांना भेटेन, तुमच्याकडून मला काही नको. तुमच्याकडून हा शब्द त्यांनी दोनदा लिहिला आहे.

कलम ८. बदल.

वरील कारणाने कलम ५ आणि कलम ६ मधलं देणं घ्यायला कोणी तयार नाही असं समजून पुढीलप्रमाणे लिहितो. शिसवीची जोडी चेतनाने कुर्ल्याच्या त्याच दुकानात परत द्यावी, घेत नसतील तर कोणी शिकणारं असेल त्याला द्यावी. मेस्त्रींकडे नेऊ नये, माझ्या नावाने तर नाहीच. हत्यारांची पेटी आईकडे राहू द्यावी. माझ्या मोठ्या पटाशीने ती गूळ फोडते. मी सुट्टीवर आलो की ओरडायचो. फोडू द्यावा.

तांब्याचा नळा भंगारात घालावा. तो मी व्हिडिओंत दाखवायला बनवला होता.

अक्षता चंद्रप्रकाश मेस्त्री हिला या मृत्युपत्रात काही देत नाही. तिला जे द्यायचं होतं ते मी वेळेवर दिलं नाही आणि आता ते माझ्या नावावर नाही.

कलम चार मी खोडलेलं नाही. जिवंतपणीच सांगून झालं असलं तरी ते तसंच राहावं, म्हणजे पुढे कोणी म्हणणार नाही की म्हाताऱ्याच्या समाधानासाठी पोराने रचलं.

कलम ९. हे शेवटचं.

आज सकाळी सुबोध सही करायला तयार झाला. पेन हातात घेतलं होतं, तेवढ्यात खालून पाणी घेऊन आलेल्या हर्षदने सांगितलं की पुलावर त्याच्या फोनवर अक्षताचा निरोप आलाय. तिने मला पाठवला नाही, हर्षदला पाठवला (तो दहिसरला मला भेटायला यायचा, तेव्हापासूनची ओळख), आणि लिहिलं की त्याला सांगायचं असेल तर सांग. हर्षदने वाचून दाखवला. जसा आहे तसा उतरवून घेतो, कारण माझ्या मालकीचं म्हणता येईल असं यात काही नाही, पण माझ्या कागदात ते असावं असं मला वाटतं.

“काल सकाळी बाबांनी नळा पेटवला. माळ्यावरून जुनी जोडी काढली, भिजवली, थेंब टाकून बघितला. खोटं कशाला सांगू, पहिली पट्टी कंबरेत मोडली. मी दारात उभी होते, म्हटलं, झालं, आता परत तारा बदलत बसतील. दोन्ही तुकडे हातात घेऊन बराच वेळ वळण बघत होते. मग म्हणाले, ‘ही चूक माझी.’ तुकडे खाली ठेवले आणि दुसरी भिजत घातली.”

वर लिहिलेलं सगळं मी वाचून पाहिलं, ते मला समजलं आणि तेच मला म्हणायचं आहे. हे माझं पहिलं मृत्युपत्र आहे, याआधी केलेलं काही नाही. अंमलबजावणी माझी बहीण चेतना धोंडिराम खरात हिने करावी. खाली सही मी दोन्ही साक्षीदारांसमोर केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली. तिघेही एकाच खोलीत होतो, दार थंडीमुळे बंद होतं.

लिहून देणार:
(सही) आकाश धोंडिराम खरात

साक्षीदार:
१. (सही) हर्षद विठोबा तांडेल, राहणार मुलुंड पूर्व, मुंबई
२. (सही) सुबोध रामचंद्र घाडी, राहणार कुर्ला पश्चिम, मुंबई. मी सर्व वाचून सही केली आहे.

ठिकाण: बोगद्याचा कॅम्प, जिल्हा किन्नौर, हिमाचल प्रदेश
दिनांक: १८ डिसेंबर २०२५